देवरे मॅडमनी अंगावर घेतलेलं पत्र

देवरे मॅडम गेल्याची बातमी मला देवरे मॅडमच्याच नंबरवरून आली. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी नुकताच खुर्चीत टेकलो होतो, डबा खणात ठेवत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला आणि स्क्रीनवर त्यांचं नाव. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी त्यांचे मेसेज थांबले नव्हते. 'तो सहामाही अहवाल गेला का?', 'समितीची बैठक कधी ठेवलीस?' असले. मी न वाचताच सवयीने 'हो मॅडम, बघतो' लिहून पाठवलं आणि मग वाचलं. 'आई आज पहाटे गेली. अंत्यविधी सायखेड्याला, दुपारी एक वाजता. स्नेहल.' तरी डोक्यात प्रकाश पडेना. मला वाटलं, मॅडमच्या आई गेल्या. मग आठवलं की त्या जाऊन सात-आठ वर्षं झाली, सटाण्याला दहाव्याला मी स्वतः गेलो होतो. मग ही कोणती आई... स्नेहल म्हणजे मॅडमची मुलगी, हे मला चांगलं ठाऊक होतं, पण ते आठवायला मला दोन मिनिटं लागली.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. सायखेड्याच्या नदीकाठी उभा राहून आलो, घरी जाऊन भेटून आलो, संस्थेच्या शोकसभेत चार वाक्यं बोलून आलो, पण माझा गोंधळ काही उतरत नाही. माणूस गेलं याचं दुःख असतंच, ते मी नाकारत नाही. पण मला खरं सांगायचं तर त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकायची होती. मी त्यांच्या खुर्चीच्या लायकीचा आहे की नाही, एवढंच. होय म्हणाल्या असत्या तर बरंच होतं, नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. त्या काहीच न बोलता गेल्या, आणि गेल्यावर जे कळलं त्याने तर मी अजूनच घोळात पडलो.

आमचं ऑफिस म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका शिक्षणसंस्थेचा संशोधन कक्ष. तिथे नेमकं काय चालतं, हे मी माझ्या सासऱ्यांना बारा वर्षं समजावतोय. त्यांना अजून वाटतं की मी शास्त्रज्ञ आहे. शास्त्रज्ञ दुसरे, आम्ही त्यांचे कागद बघणारे. प्रस्ताव, परवानग्या, करार, मुदती, अहवाल... लग्नात जेवण चांगलं झालं तर कुणी आचाऱ्याला विचारत नाही आणि मीठ जास्त झालं तर सगळे त्यालाच शोधतात, तसं आमचं आहे. निर्मला देवरे या कक्षाच्या प्रमुख होत्या. बुटक्या, सावळ्या, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण वर्गाबाहेर उभे आहोत. बोलायच्या शुद्ध, पण पारा चढला की बागलाणची अहिराणी बाहेर यायची. कुणी विचारलं, "मॅडम, कसं चाललंय?" तर 'बरं शे' एवढंच उत्तर आलं की समजायचं, आज लांब राहायचं.

चार वर्षांपूर्वी संस्थेने एक नवं खूळ आणलं. 'नेतृत्व विकास मार्गदर्शन उपक्रम' असं त्याचं नाव. बाहेरून एक टायवाले गृहस्थ आले, त्यांनी सभागृहात दिवसभर स्लाइड दाखवल्या, आणि शेवटी चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक वरिष्ठाने एक कनिष्ठ वर्षभर हाताखाली घ्यायचा, महिन्याला एकदा भेटायचं, प्रत्येक भेटीचा फॉर्म भरायचा आणि वर्षाअखेरीस कनिष्ठ माणूस नेता होऊन बाहेर पडायचा. माझी चिठ्ठी देवरे मॅडमकडे निघाली. लेखा विभागातल्या मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "संजय, घरी सांगून ठेव."

पहिल्या भेटीला मी नवी वही घेऊन गेलो. वहीच्या पहिल्या पानावर 'माझी उद्दिष्टे' असं लिहून आणलं होतं. मॅडमनी वही बघितली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बाहेर जाऊन बाकावर बस. बोलावेन." मी बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. कर्मचारी येता-जाता माझ्याकडे बघून हसत होते. पावणेदोन तासांनी आत बोलावलं आणि विचारलं, "काय वाटलं?" मी म्हटलं, राग आला. "कुणाचा?" मी वहीकडे बघू लागलो. "माझा आला ना? मग येऊ दे. या बाकावर रोज कुणीतरी डॉक्टरेट झालेला माणूस आपल्या एका सहीसाठी बसलेला असतो. तो चिडून आत आला की तुम्ही लोक म्हणता, याला माज आहे." एवढं बोलून त्यांनी फॉर्म ओढला, 'चर्चेचा विषय' या रकान्यात 'बाक' असं लिहिलं आणि सही करून मला परत दिला. उपक्रमाच्या समन्वयक बाईंनी तो फॉर्म माझ्यासमोर तीनदा वाचला.

पुढचे महिने असेच गेले. विचारायला गेलो की म्हणायच्या, "सगळं मलाच विचारणार असशील तर तुझा पगार मला दे." न विचारता केलं की म्हणायच्या, "विचारायला तोंड दुखलं असतं का?" मी सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, रोज संध्याकाळी हे सांगायचो आणि ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "अहो, तुमच्या आईसारख्याच आहेत की." एकदा आयत्या वेळी त्यांनी मला विभागप्रमुखांच्या बैठकीत आपल्या जागी बसवलं आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसल्या. मी ततपप करत विषयपत्रिका वाचली. दोन प्राध्यापक आपापसात भांडले, ते मला आवरता आले नाहीत. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता झडणार. तर त्या म्हणाल्या, "चल, मिसळ खाऊ." मिसळ खाताना बैठकीबद्दल अक्षर नाही. चांगलं झालं की वाईट, काही नाही. पाव संपेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

चौथ्या की पाचव्या भेटीला त्यांनी मला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नेलं. तिथे आमच्या एका जुन्या प्रकल्पात मुलींच्या रक्ताची तपासणी झाली होती. मॅडमचं म्हणणं, ज्या संमतीपत्रांच्या गठ्ठ्यावर तू शिक्के मारतोस, ते अंगठे कुणाचे आहेत ते बघून ये. एका घरासमोर एक बाई तांदूळ निवडत होती. तिने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आमच्या पोरीचं रगत नेलं, ते कुठं ठेवलंय?" मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? सांग तिला." मला सांगता येईना. फाईलमध्ये सगळं होतं, कोणत्या प्रयोगशाळेत गेलं, किती दिवस ठेवलं, कधी नष्ट केलं. पण त्या बाईला कळेल असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. शेवटी मॅडमच तिच्याशेजारी बसल्या आणि तांदूळ निवडत निवडत अर्धा तास तिला सांगत राहिल्या. त्या दिवशीच्या फॉर्मवर त्यांनी काय लिहिलं ते मला आठवत नाही.

वर्ष संपलं. शेवटच्या फॉर्ममध्ये मार्गदर्शकाने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, 'ही व्यक्ती नेतृत्वासाठी तयार आहे का?' बाकी सगळ्यांच्या फॉर्मवर 'होय' आलं, दोघा-तिघांना तर 'अत्यंत' असंही आलं. माझ्या फॉर्मवर मॅडमनी ती जागा कोरी ठेवली. समन्वयक बाई विचारायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. माहीत नाही ते मी कशी लिहू?" बाई म्हणाल्या, "अहो, 'होय' लिहा ना, सगळेच लिहितात." मॅडमनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की बाई फॉर्म घेऊन निघून गेल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. घरी जेवलो नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ती पत्राची गोष्ट घडली. डॉ. कुलथे आमच्याकडचे नावाजलेले संशोधक. तापट आहेत, पण कामाला वाघ. मॅडमना ते 'ताई' म्हणायचे. त्यांच्या पहिल्या प्रकल्पासाठी मॅडमनी दिवसच्या दिवस त्यांच्याशेजारी बसून प्रस्ताव लिहून घेतला होता, दरवर्षी भाऊबीजेला ते सायखेड्याला मॅडमच्या घरी जायचे. त्यांचा पेठकडच्याच पाड्यांवर मुलींमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू होता. एके दिवशी फाईल चाळताना माझ्या लक्षात आलं की एका पाड्यावरची संमतीपत्रं नीतिमत्ता समितीच्या परवानगीच्या आठ दिवस आधीची आहेत. म्हणजे परवानगी हातात येण्याआधीच सुया टोचल्या गेल्या होत्या. कुलथे सरांना फोन केला तर ते म्हणाले, "परवानगी येणारच होती हो. पावसाआधी पाडे उरकायचे होते, नंतर रस्ते बंद होतात. उद्या माणूस पाठवतो, नव्या तारखेची संमतीपत्रं भरून आणतो. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." आणि खरंच, केवढासा प्रश्न होता. अंगठे पुन्हा उमटले असते. कुणाला कळलं नसतं.

मॅडम तेव्हा आठवडाभर रजेवर होत्या. मी फोन लावला, सगळं सांगितलं, आणि विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "फाईल कुणाच्या टेबलावर आहे?" मी म्हटलं, माझ्या. "मग?" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मी ती दुपार कशी काढली ते मला विचारू नका. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा पुसलं. ती तांदूळ निवडणारी बाई काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी साडेपाचला मी समितीला पत्र पाठवलं, झालं ते जसंच्या तसं लिहिलं, खाली माझ्या नावाने सही केली आणि मॅडमना 'पत्र पाठवलं' एवढाच मेसेज टाकला. समितीने त्या पाड्याची सगळी माहिती बाद केली. कुलथे सरांचा अभ्यास वर्षभर मागे गेला. मॅडम रजेवरून आल्या, माझ्यासमोर बसून ती फाईल वाचली, नेहमीसारखं आत पेनने काहीतरी खरडलं, फाईल मिटली आणि 'रेकॉर्डला पाठव' म्हणाल्या. बरोबर केलंस नाही, चूक केलंस नाही, काही नाही.

मी कुलथे सरांच्या शिव्यांची वाट बघत बसलो. त्या आल्याच नाहीत. जिन्यात भेटले की ते मला पूर्वीसारखेच 'काय संजयराव' म्हणायचे. उलट मॅडमशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं. 'ताई' जाऊन 'मॅडम' आलं, मग तेही गेलं. भाऊबीज बंद झाली. मॅडमच्या निरोपसमारंभाला सगळी संस्था लोटली होती, कुलथे सर तेवढे नव्हते. मॅडम दाराकडे बघत होत्या, हे मी पाहिलं. मला वाटलं, त्यांचं काहीतरी दुसरं बिनसलं असेल. मोठ्यांच्या भांडणात आपण कशाला पडा.

शोकसभेनंतर चहाच्या टेबलापाशी कुलथे सर माझ्याजवळ आले. आता ते संशोधन विभागाचे अधिष्ठाता आहेत, आणि कक्षप्रमुखाच्या पदासाठी होणाऱ्या मुलाखतीच्या समितीत तिघांपैकी एक. मी दीड वर्ष प्रभारी म्हणून त्या खुर्चीत बसतोय आणि अर्ज केलेला आहे, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. कप हातात धरून ते म्हणाले, "संजयराव, तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता बरं का. ते पत्र प्रकरण. ताई दुसऱ्याच दिवशी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, पत्र मी घातलंय, संजयच्या हातून फक्त सही झाली आहे, त्याला काही बोलू नकोस. तुम्ही काय, टाइप करणारे..." आणि माझा दंड थोपटून ते पुढे गेले.

मला आधी राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये, पण आला. आयुष्यात एकदा, एकदाच मी कुणाच्याही आधाराशिवाय काहीतरी ठाम केलं होतं, आणि ते या बाईंनी माझ्या हातातून काढून आपल्या नावावर घेतलं. मला बाकावर बसवून, बैठकीत ढकलून, फोन आपटून जे शिकवलं, ते मी केलं तेव्हा म्हणे त्याच्या हातून फक्त सही झाली. म्हणजे हा एवढं पेलणार नाही असंच त्यांना वाटलं ना? घरी जाऊन मी सुनीतासमोर हेच बडबडलो. ती ऐकून घेत म्हणाली, "त्या बाईने तुमच्यासाठी सख्ख्यासारखा भाऊ गमावला, आणि तुम्ही रुसून बसलात." मग तीच म्हणाली, "आणि हे बघा, आता काही बोलायला जाऊ नका. इंटरव्ह्यू होऊ द्या. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच केलं असेल, मग त्यांचा शब्द कशाला मोडताय?"

पुढचे दहा दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सुनीताचंही पटत होतं. मी बोललो तर मॅडमनी जन्मभराचं नातं मोडून उभा केलेला आडोसा मीच पाडणार. नाही बोललो तर एक माणूस गेलेल्या बाईवर विनाकारण राग धरून बसणार आणि त्या रागाच्या जिवावर मला खुर्ची मिळणार. त्यांना काय हवं होतं, हे विचारायचं कुणाला? स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, आई घरी सारखं तुमचं नाव घ्यायची. मी विचारलं, काय म्हणायची? स्नेहलने आठवून सांगितलं, "म्हणायची, संजयचं काही कळत नाही." आता याचा काय अर्थ घ्यायचा, तुम्हीच सांगा.

शेवटी मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. कदाचित ते पत्र खरंच मी लिहिलं होतं ना, एवढंच मला बघायचं असावं. धूळ झटकून फाईल काढली, पत्राची कार्यालयीन प्रत उघडली. माझी सही होती, तारीख होती. आणि तिच्याखाली हिरव्या शाईत मॅडमची आद्याक्षरं होती, 'मी सहमत आहे' असे तीन शब्द होते, आणि त्याखाली तारीख होती. माझ्या तारखेनंतर पाच दिवसांची, त्या रजेवरून परत आल्या त्या दिवसाची. कुलथे सरांकडे जाऊन त्यांनी तोंडाने खोटं सांगितलं होतं. पण मागची तारीख टाकून ते कागदावर खरं करणं त्यांना जमलं नव्हतं. किंवा जमवायचं नव्हतं. ज्याला कुणाला कधी ही फाईल उघडावीशी वाटेल त्याला कळावं, की पत्र आधी गेलं आणि मॅडम मागून आल्या... की हे माझ्या मनाचे खेळ आहेत, मला अजूनही समजत नाही. रडू मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल घेऊन कुलथे सरांच्या केबिनमध्ये गेलो. उभ्यानेच सांगितलं, "सर, ते पत्र माझं होतं. मॅडम रजेवर होत्या. त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं." आणि पान उघडून पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा चढवला. माझी तारीख वाचली, मग खालची वाचली, मग पुन्हा वरची. चेहरा लाल झाला. मला वाटलं आता फाईल अंगावर येते. ते म्हणाले, "हे मला का सांगताय? पुढच्या मंगळवारी तुमची मुलाखत आहे." मी म्हटलं, "माहीत नाही, सर." हे अगदी खरं होतं.

ते खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "दोन वर्षं मी त्यांच्या घरी गेलो नाही." त्यांनी पान जवळ ओढलं. "निरोपसमारंभाला घरीच बसून होतो. कपडे घालून बसलो होतो..." त्यांनी बोट त्या हिरव्या आद्याक्षरांवर ठेवलं आणि काढलंच नाही. मग म्हणाले, "ताईंच्या हातचं माझ्याकडे काहीच नाही. याची एक झेरॉक्स मिळेल?"

मी 'हो' म्हणणार होतो. जीभ तशी वळलीही होती. पण समितीच्या फाईलमधल्या कागदाची प्रत अर्जाशिवाय कुणाला देता येत नाही, मग मागणारा अधिष्ठाता असो की कुणी असो. मी म्हटलं, "सर, अर्ज करावा लागेल." क्षणभर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, संपलं, खुर्चीही गेली आणि नोकरीही. पण त्यांनी समोरच्या पॅडमधला एक कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि लिहू लागले. 'प्रति, प्रमुख, संशोधन कक्ष' असं लिहून ते थांबले. 'प्रमुख'च्या आधी 'प्रभारी' लिहायचं राहिलं होतं. मी आठवण करून दिली नाही, त्यांनीही दुरुस्त केलं नाही. चार ओळी लिहून झाल्या, सही झाली. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "तारीख?"

"आजची," मी म्हटलं.